डावखुरी तुरपाई

सोमवार

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

राजवाड्याच्या शिवणखान्यात नोकरी लागली म्हणून नाचले होते, आता पस्तावतेय. काल नव्या राजाच्या झग्याची तुरपाई माझ्याकडून करून घेतली, तीही मंतरलेल्या धाग्याने! मुख्य शिंपीकाका मिशीत हसत म्हणाले, हा झगा घालून राजा ज्याच्यासमोर जाईल त्याचे गुडघे टेकतील, आणि राजा ऊठ म्हणेपर्यंत उठायची सोय नाही.

आत्या, शुक्रवारी राज्याभिषेकाला दादा आणि त्याची मंडळी, तुरुंगातल्या सोबत्यांना सोडा म्हणत, राजापुढे न वाकता चौकात ताठ उभी राहणार ना? माझ्याच टाक्यांनी सगळे आयते पकडले जातील! मी गुपचूप तुरपाई उसवणार. सापडले, तर माझी कात्री दादाला दे.

तुझी,
चिमणी

मंगळवार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

उसवायचं नाव काढलंस तर कान पिळीन! आधी बघ, गाठ झग्याच्या डाव्या टोकाला आहे का? मी डावखुरी, आणि माझ्याकडे शिकल्यामुळे तू उजव्या हातानेही डावीकडूनच टाके घालतेस. तुझी आई त्यावरून मला अजून टोमणे मारते. त्या शिवणखान्यात डावखुऱ्यांना मज्जाव आहे तो उगाच नाही. मंतरलेला धागा डावीकडून चालला, की गुडघे टेकतात ते झगा घालणाऱ्याचे, आणि ऊठ म्हणायचं ते समोरच्याने! वरून बघून कुणाच्या बापाला कळत नाही.

कात्री स्वतःकडेच ठेव. दादाने आधीच माझ्या दोन हरवल्यात.

तुझ्या काळजीत,
आत्या

बुधवार

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

गाठ डावीकडेच! काकांनी टाके पाहून शाबासकी दिली. मला हसू आवरेना, म्हणून खोकले.

घाईत,
चिमणी

शुक्रवार

आत्या, आत्या, आत्या! नमस्कार शेवटी घालते.

राजा रुबाबात पायऱ्या उतरला, दादासमोर आला आणि धपकन गुडघ्यांवर! सेनापतीने ओढून पाहिलं, हलेना. शिपायांना हसू फुटलं आणि भाले खाली आले. दादा शांतपणे म्हणाला, बसा महाराज, आधी तुरुंग उघडू द्या. उघडला! मग त्याने ऊठ म्हटलं. राजा उठून वळतो तर समोर झाडूवाली मावशी, पुन्हा धपकन! मावशी कळवळून म्हणाली, बाळा, काढ तो झगा, गुडघे फुटतील.

त्याने भर चौकात झगा काढला आणि मुकुटही त्यातच गुंडाळून ठेवला.

शिंपीकाका विचारत होते, शिवण कुणी शिकवली. तुझा पत्ता दिलाय, चहा टाकून ठेव.

आता नमस्कार. लोभ आहेच, आईला मात्र सांग, टोमणे बंद.

तुझीच,
चिमणी