हळदीचं बोट

सोलापूर,
१८ फेब्रुवारी २०२५

ति. हृषीकेशदादास,

हातोहात पाठवलेलं पत्र पाहून कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. आमच्याकडे सगळे खुशाल. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तांदळातले खडे ती माझ्याआधी शोधते.

काल तू केम गावी लग्नाला गेलास आणि शरणप्पा मालकांनी मला कंपनीत बोलावून घेतलं. कंपनी शाळांना पाठवते ते व्हिडिओ-धडे अजून अडकत होते. दिवाळीत कंपनीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तूच म्हणालास, "वैजूचा प्रोग्रॅमच जड हाय," आणि मला कामावरून काढून घरी बसवलंस. माझा साहेब, त्यात सख्खा मावसभाऊ, पण मला एकदा विचारलंही नाहीस.

सर्व्हर निवांत होता, मेमरी अर्धी रिकामी. मग बाहेर जाणाऱ्या डेटाचा आलेख उघडला. धडे सुरू झाले की रेघ चढायची आणि शंभर मेगाबिटच्या जरा खाली सपाट व्हायची, रोज तिथेच. टाकी भरलेली आणि नळ बारीक. रॅकमागे हात घातला, तर सर्व्हरची केबल हजार मेगाबिटच्या नव्या स्विचमध्ये, म्हणजे जोडणीच्या डब्यात, नव्हतीच. कॅमेऱ्यांसाठी ठेवलेल्या जुन्या शंभरच्या डब्यात होती. सर्व्हरच्या नोंदीत स्पष्ट आहे: खंडेनवमी, सकाळी ११:१२ला केबल निघाली, चार मिनिटांनी परत लागली.

दरवर्षी रॅक पुसून पूजा तूच करतोस. झेंडूची माळ नीट बसावी म्हणून केबल उपसलीस आणि दिसेल त्या भोकात खुपसलीस. तिच्या टोकावर हळदीचं बोट अजून आहे.

"पूजा कुणी केली हुती?" मालकांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. सांगताना मला फार बरं वाटलं.

आता खरं सांगते. हे मला काल कळलेलं नाही. तू मला कामावरून काढल्यावर आठच दिवसांनी ऑफिसातल्या महेश्वरीने फोनवर आलेखाचा आकडा वाचून दाखवला, तेव्हाच ओळखलं होतं. कंपनीत एक फोन केला असता तर काम झालं असतं. तू आणखी बुडावास म्हणून मी तो केला नाही. तीन महिने पोरांचे धडे अडकू दिले. त्याची मला लाज वाटते. तुझी दया मात्र येत नाही.

सकाळी मावशीचा फोन आला, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे की." मला काढलंस तेव्हा हे घर कुठे होतं?

तुला ठेवायचं की नाही, ते मालकांनी माझ्यावर सोपवलंय. ठेवते. माझ्या हाताखाली. उद्या अकराला, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, चूक कुणाची होती ते तुझ्या तोंडाने सांगायचं.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. तुला नाही.

वैजयंती