कोऱ्या पासपोर्टाची मुदत

मखमलाबाद, नाशिक
ता. २० सप्टेंबर २००४

अरे दादा, जी वस्तू कधी वापरलीच नाय ती संपते कशी, हे मला आधी कुणीतरी समजावून सांगा. दहा वर्षं तो पासपोर्ट मी लुगड्यांच्या घडीखाली डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय. एक पान मळलं नाय, एक शिक्का बसला नाय. आणि गेल्या आठवड्यात तो ट्रॅव्हलवाला पोरगा दोन बोटांनी धरून म्हणतो, मावशी, हा चालायचा नाय. म्हटलं, का रे बाबा, ह्याला उंदरानं खाल्लंय का? तर हसतो.

ती. खंडेराव दादास विमलचा नमस्कार. (हे वर लिहायचं असतं ते मला ठावं हाय, पण राग आधी आला.) तुझा दमा कसा हाय? वहिनीचे गुडघे? आमच्याकडं सगळी बरी हायेत, असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहिते. अक्षर चौथीपर्यंतचंच हाय, चष्मा लावून वाच.

तुला आठवत असंल, ह्यांच्या डोक्यात मागं हॉलंडला जाऊन फुलशेती बघायचं खूळ शिरलं होतं. दोघांचे पासपोर्ट काढले, फोटोसाठी मला नवं लुगडं नेसवलं, आणि टूरला माणसंच भरली नायत. हॉलंड तिकडंच राहिलं, पासपोर्ट घरात राहिला. आता आपली ज्योत्स्ना जानेवारीत मस्कतला बाळंत व्हायचीय. पहिलटकरीण. मी डिसेंबरात जायचं ठरलंय. पासपोर्ट मार्चपर्यंत हाय, मी मार्चच्या आत परत येणार, मग अडलं कुठं? तर म्हणे, तिथं उतरताना सहा महिने शिल्लक पायजेत. म्हणजे मार्चला संपणारा पासपोर्ट खरा ह्याच महिन्यात संपला, फक्त तसं लिहायचं राहिलं. असलं माप मी फुलबाजारात लावलं तर लोक मला टोपलीसकट नदीत घालतील.

बरं, नवा करायचा तर कवा? ज्याला विचारलं त्यानं वेगळा महिना सांगितला. जावई फोनवर म्हणतात, आत्ताच करा, म्हणजे व्हिसा नव्या नंबरावर काढता येईल. हे म्हणतात, दसरा होऊ दे, झेंडू तोडायचा सोडून रांगेत कोण उभं राहणार? ट्रॅव्हलवाला म्हणतो, उन्हाळ्यातच करायला पायजे होता. (उन्हाळ्यात पोरीला दिवस गेल्याचं पोरीलाच नीट ठावं नव्हतं.) विहीणबाईंनी तर कुणी न विचारता सांगितलं, त्यांचा पासपोर्ट पार २००९ पर्यंत हाय, तर तुम्ही कशाला दगदग करता. माझ्या पोरीचं बाळंतपण, आणि बाईला त्यात माझी दगदग दिसती.

आता खरी अडचण ऐक. नवा पासपोर्ट म्हणजे पोलीस घरी येतो आणि शेजाऱ्याला विचारतो, बाई कशी हाय. आणि माझ्या बांधाला बांध कुणाचा? तुझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, कुसाबाईचा. गेल्या दसऱ्यापासून आमचं बोलणं नाय. भर बाजारात माझ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, तिच्याकडची घेऊ नका, ती कालची हायेत. (फूल कालचं का आजचं हे देवाला कळतं, गिऱ्हाइकाला कळायचं काय कारण?) मग मीपण तिच्या शेवंतीबद्दल जे बोलायचं ते बोलले, ते पत्रात लिहिता येत नाय.

म्हणून मी डोकं चालवलं. ती दर नवरात्राला वणीला तुमच्याकडं उतरते आणि गडावर जाते. पोलीस नेमका तेव्हा आला तर काम झालं. तर मी आपली चौकीवर गेले. हवालदारानं विचारलं, कागद कुठंय? म्हटलं, फॉर्म अजून दिलाच नाय. मग आलात कशाला? म्हटलं, तारीख ठरवायला. शेजारीण गावाला गेली की या. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला नीट बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल घेऊन बांधावर हजर! मी झेंडूत खाली वाकले. तो कुसाबाईला विचारत होता, ह्या बाईचं नि तुमचं काय हाय? ती मोठ्यानं, मला ऐकू जाईल अशी म्हणाली, फॉर्म आल्यावर या साहेब, तवा सांगते. आणि त्याला घरात नेऊन चहा पाजला. आल्याचा. वास माझ्यापर्यंत आला.

तेव्हा वहिनीकडून काढून घे, कुसाबाई पोलिसाला काय सांगणार हाय. गणपती उठले की पितृपक्ष, त्यात आमच्याकडं नवं काम कुणी धरत नाय. मी म्हटलं, नवं कसलं, माणूस जुनंच हाय, नुसती वही बदलायची, पण ह्यांना पटत नाय. मग नवरात्र आणि झेंडू. मग दिवाळी, म्हणजे उशीर. फॉर्म द्यायचा तर ह्या आठ दिवसांत, नायतर नायच.

तुझी धाकटी बहीण,
विमल

ता. क. पोलिसाचं एवढं मनावर घेऊ नको. वरच्या अंगाच्या बयाबाई आणि त्यांचा मालक, दोघं माझ्यासाठी सांगायला कवाचे तयार हायेत. कुसाबाईवाचून काय अडत नाय.

आणखी ता. क. हे वहिनीला एकटीला बाजूला घेऊन सांग. ज्योत्स्ना झाली तेव्हा आपली आई नव्हती. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं ते कुसाबाईनं, आणि मागून मयूर झाला त्यालाबी तिनंच. मी नुसतं पाणी तापवून द्यायची. एवढ्याशा बाळाची ओली मान माझ्या हातात कधी आलीच नाय, दादा. ज्योत्स्नाला वाटतं आईला सगळं येतं, आणि मी फोनवर तसंच बोलते. तिथं मस्कतला मी कुणाला विचारू? कुसाबाई हल्ली सुताराच्या सुनेच्या बाळाला रोज सकाळी न्हाऊ घालायला जाते. वहिनीनं तिला एवढंच विचारायचं, मला नुसतं दारात उभं राहून बघू दे. माझ्याशी बोलायचं नाय, माझ्याकडं बघायचं नाय, भांडण हाय तसं राहू दे. ती हो म्हणाली तर दुसऱ्या दिवशी फॉर्म देते. नाय म्हणाली तर विहीणबाईंना जाऊ दे, त्यांनी पाच नातवंडं न्हाऊ घातलीत. पुढच्या मंगळवारी गणपती उठतात. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडं फोन कर, घरी नको, घरी हे उचलतात. मी दुकानाच्या पायरीवर बसलेली असीन. तब्येतीचं काय विचारू नको, हो का नाय तेवढं सांग.