रिळं उभी आहेत, काका

तीर्थरूप काकांस,

अर्धवटाचा साष्टांग नमस्कार. (पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही "अर्धवटाचं पत्र आलंय वाटतं" असं म्हणाला असालच, म्हणून खरं नाव लिहिण्यात शाई घालवली नाही.) इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता, की "मला कशाला कठडा" हे अजून चालूच आहे? काकूंना आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं हे ताईच्या पत्रातून कळलं, आनंद झाला. लख्ख दिसायला लागल्यापासून तुमच्या शर्टांच्या कॉलरवरून तुम्हाला रोज बोलणी बसतात हेही कळलं, तेव्हा आनंद जरा वाढला. ताई आणखी एक लिहिते की तुम्ही तिच्या घरातल्या चटया, सतरंज्या, दिवाणखान्यातला गालिचा, सगळं गुंडाळून भिंतीशी उभं करून ठेवलंय. जावईबापूंनी गालिचा आडवा ठेवला तर म्हणे तुम्ही "आडवं ठेवलं की पोट बसतं" असं सांगून तो पुन्हा उभा केलात. बिचारे आता दुपारी कोचावर आडवे व्हायलासुद्धा कचरतात. काका, तुम्ही छापखान्याचं कागदाचं गोदाम सोडलंत, पण गोदामानं काही तुम्हाला सोडलेलं दिसत नाही.

गोदामाचं म्हणाल, तर तुम्ही किल्ली टेबलावर आपटून गेलात त्याला आठ महिने झाले आणि ती किल्ली माझ्या कमरेला आहे. साहेबांनी मला तुमच्या जागी बसवलं म्हणजे दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून बसवलं, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमचे सगळे नियम मी पाळतो. रीळ उभं. भिंतीपासून हातभर लांब. जमिनीवर नाही, फळीवर. फळी आणि फरशी रोज झाडून, कारण सहाशे किलोच्या रिळाखाली एक खडा आला तरी तो कागदाच्या बाराशे थरांत आपली खूण सोडतो (हे वाक्य मी नवीन माणसांना तुमच्याच आवाजात ऐकवतो, कपाळाला आठीही घालतो). वेष्टन यंत्रापाशी नेईपर्यंत काढायचं नाही आणि आधी आलेलं रीळ आधी जायचं. एवढं सगळं पाळूनही माझी जी फजिती होते ती ऐका, म्हणजे तुमच्या गुडघ्याला बरं वाटेल.

साहेबांनी चिमटागाडी आणली आहे. पुढे दोन लोखंडी पंजे असतात, ते रिळाला कवेत घेतात आणि अलगद उचलून नेतात. अलगद हा शब्द गाडी विकणाऱ्या माणसाचा. पहिल्या दिवशी आमच्या चालकानं रीळ पडेल या भीतीनं असं काही आवळलं की खाली ठेवलं तेव्हा ते अंड्याच्या आकाराचं झालेलं होतं. साहेब म्हणाले, जरा सैल धर. साहेबांचा शब्द झेलणं हा आमच्या चालकाचा मोठा गुण असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यानं इतकं सैल धरलं की रीळ पंज्यांतून निसटलं, कडेवर आपटलं, आडवं झालं आणि मागच्या दारातून उतारावर लागलं. तो उतार तुम्हाला ठाऊक आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तुम्हीच भांडून करून घेतला होता. रीळ पुढे आणि आम्ही चौघं मागे, त्यातला मी "बाजूला व्हा" असं ओरडत होतो, वास्तविक अंगणात कोणी नव्हतं. फाटक उघडं होतं. रीळ फाटकातून बाहेर गेलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या वाळूच्या ढिगात जाऊन शांतपणे थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आपला पहारेकरी किती नियमाचा माणूस आहे हे तुम्ही जाणता. संध्याकाळी साहेबांनी वही मागवली तर त्यात त्यानं सुवाच्य अक्षरात नोंद केली होती: "जावक. कागदाचं रीळ, नग एक. सोबत कोणी नाही. कारण विचारता आलं नाही."

त्यानंतर साहेबांनी माझी खोलात चौकशी सुरू केली. तुम्ही रिळाला बोटाच्या पेरानं ठोकून आत ओल आहे की नाही ते सांगायचात. मीही ठोकतो. खरं सांगू का, मला सगळ्या रिळांचा आवाज एकच येतो. पण तुमचा पुतण्या म्हणून लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात, त्यामुळे मी डोळे मिटतो, दोनदा ठोकतो, "हं" म्हणतो आणि पुढच्या रिळाकडे जातो. साहेबांनी ओलावा मोजायचं यंत्र आणलं आणि मी ज्याला "हं" म्हटलं होतं ते रीळ मोजलं. ओलं निघालं. मग मी ज्याला काहीच म्हटलं नव्हतं ते मोजलं, तेही ओलं निघालं. शेवटी कळलं की यंत्र साहेबांच्या घामेजल्या हातानंच भिजलं होतं. त्या दिवसापासून माझी पत उगाचच वाढली आहे, आणि मी ती टिकवून आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या यंत्रखान्याचा फोरमन भोंगा (हे नाव तुम्हीच ठेवलंत, यंत्राच्या घरघरीवरून ओरडून बोलणाऱ्या माणसाला दुसरं कोणतं शोभलं असतं) येत्या शनिवारी निवृत्त होतोय. दुपारी चारला यंत्रखान्यातच निरोपाचा कार्यक्रम आहे. साहेबांनी तुम्हाला रीतसर बोलावणं धाडलं आणि तुम्ही त्याच कागदाच्या पाठीवर "प्रकृती बरी नाही" असं लिहून परत पाठवलंत. ताई सांगते, त्याच संध्याकाळी तुम्ही बाजारातून दोन पिशव्या भरून घेऊन आलात.

राग मला कळतो, काका. तो दिवस मी विसरलेलो नाही. पाचवीच्या भूगोलाची पुस्तकं छपाईला यंत्रावर चढली होती, शाळा उघडायला दहा दिवस होते आणि कागद एका पाळीत अकरा वेळा तुटला. भोंगा सगळ्यांदेखत म्हणाला की रिळांची पोटं बसून ती चपटी झालीत, गोदामात ही रिळं आडवी झोपवली होती. तुम्ही म्हणालात की माझ्या गोदामात रीळ झोपत नाही, तुझ्या यंत्राचेच हात थरथरतात. आणि त्या माणसाला आपल्या यंत्राबद्दल काही बोललेलं खपत नाही. यंत्र शिंकलं तरी सर्दी कागदाला झाली म्हणणारा तो. सव्वीस वर्षं तुम्ही दोघं एकाच उरल्यासुरल्या रिळावर फळी टाकून शेजारी बसून डबा खाल्लात, आणि त्या दिवशी तुम्ही नोकरीचे चार महिने शिल्लक असताना किल्ली ठेवून निघून गेलात. ना हार, ना भाषण. जाताना एवढंच म्हणालात की यंत्राचं चुकलं असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणेल त्या दिवशी या उंबऱ्यात पाय ठेवीन. तुमचं ते बसायचं रीळ अजून तिथेच आहे. भोंगा मात्र त्यावर बसत नाही. यंत्राला टेकून उभ्या-उभ्या डबा संपवतो. त्याचा आवाजही हल्ली उतरलाय, पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही, म्हणजे काय ते समजा.

तेव्हा शनिवारी या, एवढीच विनंती. फलाटावर मी स्वतः येतो. गुडघ्यासाठी रिक्षा थेट यंत्रखान्याच्या दारापर्यंत नेऊ, पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय. काकूंना आणि ताईला नमस्कार, जावईबापूंना सहानुभूती.

आपला,
अर्धवट

ता. क. रिळाखाली सरकवायचा तुमचा तो गुळगुळीत झालेला लाकडी ठोकळा चुकून तुमच्या सामानात गेलाय असं वाटतं. येताना आणा. नवीन ठोकळे आणले आहेत पण ते रिळाचं ऐकत नाहीत, रीळच त्यांना ढकलत नेतं.

ता. क. दुसरा. वरचं सगळं पत्र बायकोनं वाचलं आणि विचारलं, "आणि खरं कधी लिहिणार?" म्हणून लिहितो. तुम्ही खुर्चीवर बसला असाल तर वाचा, उभे असाल तर आधी बसा.

काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही तीन दिवस रजेवर होतात. जाताना मला म्हणालात, बाकी काहीही कर, आडवं काही ठेवू नकोस. त्याच दिवशी दुपारी भूगोलाची चौदा रिळं आली. उचलगाडीचं तेल गळत होतं, ती वर जाईना, हमालांना घाई होती, आणि मला क्रिकेटची मॅच बघायची होती. (मॅच आपण हरलो, हे देवानं बरोबर केलं.) मी सातांची एक रांग आडवी लावली आणि लॉरीतून फळ्या टाकून उरलेली सात त्यांच्याच डोक्यावर घरंगळवली. तीन दिवस ती तशीच होती. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी गाडी दुरुस्त झाली आणि मी सगळी उभी केली, वेष्टनांवरची धूळ पुसली, लेबलं एका रांगेत बाहेर वळवली. तुम्ही आल्यावर पाहिलंत आणि पाठीवर थाप मारलीत. ती थाप अजून पाठीवर आहे, काका.

भोंगा रिळं झोपवली होती म्हणाला तेव्हा मी तुमच्या दोघांच्या मध्ये चहाचे पेले घेऊन उभा होतो. मी तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "तीन दिवस माझा पुतण्या होता तिथे. तो माझ्या हाताखाली तयार झालाय." त्यानंतर मला बोलताच आलं नाही. आठ महिने आलेलं नाही. तुमची चूक नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. मला काय बोलायचं ते बोला, मारायचं असेल तर शनिवारी समोर उभा राहीन.

ता. क. तिसरा, आणि हे वाचल्यावर मला विसरा, पण हे नीट लक्षात ठेवा. काल मी हे सगळं भोंग्याला जाऊन सांगितलं. मला वाटलं, यंत्रखान्याची कौलं उडतील. पण तो हातातल्या फडक्यानं यंत्राचा एकच भाग पुसत राहिला, मग इतक्या हळू बोलला की मला कान पुढे न्यावा लागला. म्हणाला, "हे त्याला कळवू नकोस. पुतण्या चुकला हे त्याला सोसणार नाही. यंत्र चुकलेलं सोसेल." शनिवारी तो सगळ्यांसमोर सांगणार आहे की त्या दिवशी यंत्राचंच चुकलं होतं. सव्वीस वर्षांत जे त्यानं एकदाही म्हटलं नाही, ते तो तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवावा म्हणून म्हणणार आहे. आज सकाळी मी त्याला यंत्रामागे एकटाच ते वाक्य पाठ करताना ऐकलं. प्रत्येक वेळी "यंत्राचं" या शब्दापाशी त्याचा आवाज अडकतो.

त्यानं मला तुम्हाला न सांगण्याची शपथ घातली होती. मी मान हलवली होती, तोंडानं हो म्हटलेलं नाही. तेव्हा माझी खरी विनंती ही: तुम्हाला काही ठाऊक नाही अशा चेहऱ्यानं या. तो बोलायला उभा राहिला की त्याला ते वाक्य पुरं करू द्यायचं की मध्येच अडवायचं, हे तुम्ही ठरवा. तुमच्या मित्राला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

ता. क. चौथा आणि शेवटचा. आज सोळा रिळं आली. मी दोनदा मोजून पाहिली, सगळी उभी आहेत. फोरमनही उभेच आहेत, काका, आठ महिने झाले. त्यांना तेवढं येऊन बसवा.