टाकीमागची दहा फूट भिंत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवण्याचा (आता बंद), पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि मानगुटीवर कोणी बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे. पण नगरपालिकेच्या भित्तिचित्र स्पर्धेत प्रत्येकाला मिळालेला भिंतीचा तुकडा हयातभर त्याचाच असतो, आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी त्याचा वारस लेखी कळवावा अशी नोटीस आली आहे. म्हटले, सगळेच एकदम उरकून टाकू.

१. राहते घर पत्नीला. सात वर्षे तिने नवरा आणि सख्खा भाऊ यांच्यामध्ये निरोप पोहोचवले. मी "त्याला म्हणावं, खड्ड्यात जा" म्हटले की ती तिकडे "जपून जा म्हणालेत" असे सांगायची.

२. बँकेतली ठेव आणि सायकल मुलीला. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, नंतर मला बोल लावू नये.

३. मोठी शिडी नगरपालिकेच्या कला विभागाला. ती त्यांचीच आहे. मी दोन दिवसांसाठी आणली होती, त्याला अकरा वर्षे झाली.

४. आता मेव्हणा. चौकातला सलूनवाला, स्पर्धेत माझ्या शेजारच्या भिंतीचा मालक. सात वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत चित्रावर फक्त क्रमांक घालायचा, नाव नाही, असा नियम होता. पण आयुष्यभर प्रत्येक पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नाव टाकलेला माझा हात तो. नाव पडले, मी बाद झालो आणि पहिले बक्षीस मेव्हण्याला गेले. त्यानेच चुगली केली, असे मी गावभर सांगत आलो. ते साफ खोटे आहे. परीक्षक यायच्या आधी तो धावत येऊन म्हणाला होता, "भाऊजी, कोपऱ्यातलं नाव पुसा." मला वाटले, जळतोय. मी पुसले नाही. चूक माझी, आणि त्याचे चित्रही माझ्यापेक्षा चांगले होते. हे तोंडाने सांगायला जमले नाही, याची लाज वाटते.

५. तेव्हापासून पाण्याच्या टाकीमागची माझी दहा फूट भिंत पांढरीफटक आहे. ती आणि माझे सगळे ब्रश मेव्हण्याला द्यावेत. त्याने तिथे वाटेल ते रंगवावे.

सही करण्यापूर्वीची भर: साक्षीसाठी बोलावलेले शेजारचे घड्याळजी आज सोबत मेव्हण्याला घेऊन आले. हे कारस्थान पत्नीचे. त्याने कागद वाचला. चौथे कलम पुन्हा एकदा वाचले. मग कागद तपासायला आलेल्या वकिलांना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?" वकील म्हणाले, "नाही. साक्षीदाराच्या नावची देणगी रद्द होते." त्याने लगेच माझ्या हातातले पेन घेतले आणि साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

"भिंत तुमचीच राहिली भाऊजी. स्पर्धेला सव्वीस दिवस आहेत, ब्रश भिजत घाला. आणि हे केस कोणी कापलेत? उद्या दुकानात या."

सबब कलम ५ रद्द. वारस कळवायला सवड लागेल, असे नगरपालिकेला कळवत आहे.

साक्षीदार: १. घड्याळजी (सही) २. मेव्हणा (सही, गरजेपेक्षा मोठी)

ठिकाण: आमची पुढची खोली
दिनांक: स्पर्धेच्या सव्वीस दिवस आधी, सोमवार

मृत्युपत्र करणारा: सही खालच्या उजव्या कोपऱ्यात. ही मात्र पुसायची नाही.