सातव्या प्रकरणातली वही

द्रावाकाठ, १२ ऑक्टोबर

प्रिय तिहा,

कशी आहेस? झाग्रेबमध्ये थंडी सुरू झाली असेल. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी अजून आहे, आणि डावा डोळा नावापुरताच, त्यामुळे सध्या मीच त्यांचे डोळे. द्रावा नदीला पाणी चढलंय म्हणून तीन दिवस बाबांचा तराफा बंद आहे. भोपळे निघाले. अंगणभर भोपळे, आणि माझ्या नखांत बिया.

तुझं पुस्तक दोनदा वाचलं. छान आहे, आणि हे मी बहीण म्हणून म्हणत नाहीये. त्यातली धाकटी बहीण फार रडते एवढीच माझी तक्रार. मी इतकी रडकी नव्हते. आणखी एक: अशा पुस्तकांत मुलगी शेवटी घर सोडते आणि मोठी होते. जी घरी राहते तिचं पुढे काय होतं, ते कुणी लिहीत नाही. मी सांगते. तीही मोठी होते, फक्त तिला त्यासाठी बस पकडावी लागत नाही.

आमच्या भाषेच्या बाईंनी तुझं पुस्तक सगळ्या वर्गाला वाचायला लावलंय. मुली सातव्या प्रकरणावर रडतात. बाप मुलीची वही नदीत फेकतो, ते प्रकरण. नावं बदललीस, पण नदी तीच, तराफाही तोच, आणि या भागात तराफा चालवणारा माणूस एकच आहे.

लोरेना आठवते? पलीकडच्या काठावरची, माझ्याच वर्गात आहे. रोज बाबांच्या तराफ्यावरून शाळेला येते. गेल्या महिन्यात बाबा तिला नेहमीसारखं ‘काय पोरी, झोप झाली का’ म्हणाले, तर तिने उत्तर दिलं नाही. उतरतानाही तोंड फिरवून गेली. बाबांना वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा मोठ्याने विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

तेव्हाच मला पत्र लिहायला बसायला हवं होतं. बसले नाही. भोपळे होते, परीक्षा होती, मग ऑपरेशन होतं. कारणं शोधण्यात मी हुशार आहे.

परवा दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बिया काढत बसलो होतो. बाबा म्हणाले, तिचं पुस्तक वाचून दाखव. नाही कसं म्हणणार? वाचत गेले. ते मध्येमध्ये हसत होते. शेजारणीच्या हंसांचं वाचलं तेव्हा तर पुन्हा वाच म्हणाले. सातवं प्रकरण आलं तशी मी हळूच पानं उलटली.

‘एकदम बरीच पानं उलटलीस,’ बाबा म्हणाले. ‘डोळ्याला पट्टी आहे, कानाला नाही. मागे जा.’

वाचलं सगळं. तो बाप ओरडतो ते, वही फेकतो ते, पाण्यावर ती उघडते आणि पानं पसरत जातात ते. बाबांचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘चांगलं लिहिलंय. पण ती उघडली नव्हती. तिला रबर लावलेलं होतं.’

तिहा, वहीला रबर मीच लावलं होतं. फेकण्याआधी.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. बाबांनी नाही, मी फेकली तुझी गोष्टींची निळी वही. तू मला म्हणाली होतीस, ही वहीच मला झाग्रेबला नेणार आहे. मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, वही नसली तर तू जाणार नाहीस. आई गेल्यापासून मला झोपवायचीस ती तू. म्हणून तराफा मध्यावर असताना फेकली, आणि फाटू नये म्हणून रबर लावलं. बाबा दोराजवळ उभे होते. त्यांनी पाहिलं.

संध्याकाळी तू घर डोक्यावर घेतलंस. मी पलंगाखाली होते. बाबांचं आणि तुझं त्या आठवड्यात जाण्यावरून वाजलेलंच होतं, त्यामुळे ते ‘मी फेकली’ म्हणाले तेव्हा तुला शंकाही आली नाही. सकाळी तू त्यांचा निरोप न घेता गेलीस. त्या दिवशी ते होडी घेऊन खालच्या वळणापर्यंत वही शोधत गेले. छातीपर्यंत भिजून रिकाम्या हाताने परत आले.

परवा मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, तुम्ही असं का म्हणालात?

ते म्हणाले, ‘ती मला सोडून जाणारच होती. तुला सोडून जायला नको होती.’

खरंच, तू मला सोडलं नाहीस. दर रविवारी फोन करतेस, सुट्टीत बोलावतेस, आणि बाबांचं नाव निघालं की उठून खिडकी उघडतेस. मी प्रत्येक वेळी ती खिडकी उघडू दिली.

मी बाबांना म्हटलं, आता मी तिला सांगणार आहे. ते म्हणाले, पुस्तक छापून झालंय, राहू दे. मी म्हटलं, परवानगी मागत नाहीये. तेव्हा म्हणाले, ‘फोनवर नको. तू रडशील आणि ती फोन ठेवेल. लिही.’

काल वर्गात सातव्या प्रकरणावर चर्चा होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की वही मी फेकली होती. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. लोरेना तराफा बंद असल्याने सध्या लांबच्या पुलावरून बसने येते; मधल्या सुट्टीत ती माझ्याशी बोलली नाही. हरकत नाही. तराफा सुरू झाल्यावर ती बाबांशी बोलते का, तेवढंच मला बघायचंय. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून पत्र आजच टाकते.

पुस्तकात काही बदलू नकोस. त्यातला बाप तू घडवलायस, तो तुझा आहे. पण इथला वेगळा आहे, आणि त्याला तू सहा वर्षांत पाहिलेलं नाहीस.

चोवीस तारखेला तू इथल्या वाचनालयात मुलांना भेटायला येणार, आणि तशीच परत जाणार, असं कळवलं आहेस. कार्यक्रम पाचला संपतो. तराफ्याची शेवटची फेरी सहाला. तोवर पाणी उतरेल, बाबांची पट्टीही निघेल. बाबा तराफ्यावर असतील. ते आपणहून काही बोलणार नाहीत, तुलाच सुरुवात करावी लागेल. मी काठावर थांबेन. माझ्यावर ओरडायचं असेल तर तिथे ओरड. मी ऐकेन, पलंगाखाली जाणार नाही.

सहा वर्षं बाबा ज्या रागाचे धनी झाले, तो जिच्या वाट्याचा होता, ती तुझी बहीण

मिर्ता