खंडेनवमीला पाटावर ठेवलेली डिस्क

अहो, तुम्ही मागे ठेवून गेलेल्या चार हार्ड डिस्कपैकी एक यंदा खंडेनवमीला माझ्या हातून गेली. नेमकी तीच, जिच्यात तुमचा आवाज होता. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहायला बसले आहे. मुलीला सगळं ठाऊक आहे, पण तिच्याशी बोलताना तीच माझी समजूत घालत बसते आणि माझं सांगायचं राहून जातं.

तुम्ही गेलात तेव्हा काष्टीतला स्टुडिओ मी वर्षभर तसाच कुलूप लावून ठेवला आणि मग गाळा एका मोबाईलवाल्याला भाड्यानं दिला. कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं, छत्रीचा लाईट घरी आणला. लग्नांच्या त्या चार डिस्क माझ्या जुन्या सुती पातळात गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवल्या. त्यांत काय आहे ते मला माहीत होतं, पण बघायचं कसं ते माहीत नव्हतं. तेव्हा मला धड वर्तमानपत्रही वाचता यायचं नाही. तुम्ही फोटो ज्या रद्दीच्या कागदात गुंडाळून द्यायचात, त्याच कागदांवरनं मी पुढं अक्षरं जुळवत वाचायला शिकले. आता वाचनालयाची पुस्तकं आणते. तुम्ही असतात तर हसला असतात, "आता ही आमाला बातम्या वाचून दावनार" म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून आली ती एक काळा डबा घेऊन. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, पुढून पाच कप्पे. फडताळात पुस्तक सरकवावं तशी एकेक डिस्क आत सरकते. मागे एक पंखा आहे, तो दिवसभर घुमतो. एक वायर विजेची आणि दुसरी टीव्हीच्या खाली ठेवलेल्या लहान कॉम्प्युटरला जोडलेली. त्या कॉम्प्युटरला ती घरचा सर्व्हर म्हणते. मी म्हटलं म्हणजे काय गं, तर म्हणाली, "आई, आपल्याच घरातलं गोदाम समज. टीव्हीवर माग, मोबाईलवर माग, जे लग्न पाहिजे ते काढून देतो." तुमच्या चार डिस्क चार कप्प्यांत बसल्या आणि पाचव्यात तिनं आणलेली नवी मोठी डिस्क. जुन्यांचा भरवसा नाही, म्हणून एकेकीतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं असं तिनं ठरवलं. सगळं त्या एकाच वायरीतनं जायचं, म्हणून वेळ लागायचा. त्यात आपल्याकडची लाईट. लाईट गेली आणि आली की कॉम्प्युटर आपोआप उठतो, पण डबा उठत नाही. त्याचं बटण हातानं दाबावं लागतं. मग कॉम्प्युटर आपला डिस्कच नाहीत म्हणून बसून राहायचा. आधी डबा, मग कॉम्प्युटर, हे मला पाठ झालं. ती पुण्यात बसूनच उतरवणं चालू करायची. तिचा फोन आला की मी सांगायचे, "दोघंबी उठलेत, घाल कामाला."

तीन डिस्क उतरल्या. त्यांत नुसती लग्नं. तुम्ही तयार करून लोकांना दिलेली, सगळ्यांवर सिनेमाची गाणी चढवलेली. वरात आली की एक गाणं, हळदीला एक, पाठवणीला ते रडवणारं. तुमच्या तोंडचं "वहिनी, जरा फुडं या," "मामा, टोपी सरळ करा," हे सगळं तुम्ही गाण्याखाली बुजवून टाकलेलं. तुम्ही तर कुठंच दिसत नाही. मी एकदा म्हटलंही होतं की एखाद्या लग्नात आपलाही फोटो असू द्या. तुम्ही म्हणालात, "कॅमेरावाला कुठं फोटूत असतो व्हय? मंग फोटू कोन काढनार, तुझा बाप?"

चौथी डिस्क हळू चालायची. ती दिवाळीला घरी आल्यावर बसून उतरवू असं मुलगी म्हणाली, पण उन्हाळ्यात इथं असतानाच त्या डिस्कमधली यादी तिनं मला टीव्हीवर दाखवली होती. लग्नांच्या नावांत एक नाव होतं, नुसतं 'घर'. मला चटकन आठवलं. नवा कॅमेरा आणलात तेव्हा तो बघायला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात शिरला होतात. मी चुलीपाशी आहे, हाताला पीठ आहे, तुम्ही दारात उभे, एक डोळा मिटलेला. "हिकडं बघ की. भाकरी ऱ्हाऊ दे." मी तोंडावर पदर घेते. "बंद करा आधी ते." "बंद करायला आनलाय का? बोल काईतरी. नाव सांग तुजं." आणि मी मोठ्यानं तुमचं नाव घेऊन उखाणा म्हणते, तुम्ही इतके हसता की कॅमेरा हलतो. ते हसणं त्या डिस्कमध्ये होतं. मुलगी म्हणाली, लावू का आत्ता? मी म्हटलं, नको, दिवाळीला तू आलीस की दोघी मिळून बघू. चांगली साडी नेसून बघू, असंही म्हणाले. पुढे सगळा पावसाळा मी त्या डब्यासमोर बसून शेंगा फोडल्या, निवडणं केलं. टीव्हीचं बटण हाताशी होतं. कुठल्याही दुपारी लावता आलं असतं. पण ठेवणीतलं आपण लगेच काढत नाही ना.

खंडेनवमी मी तुमच्यामागे कधी चुकवली नाही. तुम्ही पाट मांडायचात, कॅमेरा, तिकाटणं, लाईट, कात्री, आणि शेवटी त्या डिस्क. प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. "ह्यांच्यावर आपलं पोट हाय," म्हणायचात. पण तुम्ही सकाळीच सगळं बंद करून ठेवायचात आणि आंघोळ उरकून मग पाटाला हात लावायचात. ते मी पाहिलं होतं, त्याचं कारण मात्र कधी मनात धरलं नाही. यंदा मी कॉम्प्युटर बंद केला. डब्याचा दिवा लागलेला होता, पंखा घुमत होता, तिकडं माझं लक्ष होतं आणि नव्हतंही. चालू करताना दोघांना वेगवेगळं उठवायचं हे मला पाठ होतं. बंद करतानाही दोघांना वेगवेगळं निजवायचं असतं, हे डोक्यात आलं नाही. चौथा कप्पा ओढला आणि डिस्क हातात आली. ती आत फिरत होती. हातात भोवरा धरावा तशी मनगट वळवू बघत होती. मी दचकले आणि ती समईच्या कडेला आपटली.

तेव्हा तुमचं ओरडणं आठवलं. लग्नाला आपल्या पुष्कळ वर्षं झाली होती, तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी स्टुडिओत मी फडकं मारताना चालू डिस्क उचलली, तर केवढ्यांदा ओरडलात. "ठिव! चालू असताना हलवती का?" गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी बाजारातली भेळ घेऊन आलात, पुडा माझ्यापुढं सरकवलात. "आत चकती फिरती. लई जोरात. हलली की वरखडा पडतो, मंग देव आला तरी न्हाई निघत. आता खा." मी भेळ खाल्ली. गोष्ट आत गेली नाही.

परत बसवल्यावर ती नुसती टकटक करायची. मुलीनं पुण्यात दोन ठिकाणी दाखवली. दुसऱ्यानं उघडून बघितली आणि चकतीवर गोल चरा पडलाय म्हणाला. दिवाळीला ती डिस्क परत घेऊन आली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "आई, चूक माझी. डबा बंद करायचं मीच तुला कधी सांगितलं नाही." आम्ही दोघींनी करंज्या केल्या. साडी मी काढली नाही.

मग बाजाराच्या दिवशी एक बाई आली. आपल्याच गावची लेक, शिर्डीत दिलेली, तिथं फुलांचं दुकान आहे त्यांचं. तुम्हीच तिच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. तिचे वडील, त्यांना ती दादा म्हणते, अलीकडेच वारले. म्हणाली, "काकू, दादा चालताना बघायचेत. फोटूत नुसते बसल्यालेच हायेत." मी तिचं लग्न टीव्हीवर लावलं. दादा आले, फेटा सावरत, हळदीच्या पंगतीत जिलेबी वाढत. ती तोंडाला पदर लावून बघत होती. मग अंतरपाट धरला आणि गाणं थांबलं. मंगलाष्टकांवर तुम्ही गाणं चढवायचा नाहीत, हे मी विसरूनच गेले होते. भटजी म्हणतायत, मांडव मागनं म्हणतोय, आणि सगळ्यांच्या जवळून, अगदी कानाशी, एक जण बेसूर आवाजात, बाकीच्यांच्या मागे पडत म्हणतोय, कुर्यात सदा मंगलम्. मी म्हटलं, "हा कोन गं मधीच? तुजा मामा का?"

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. "काय काकू! आवो, काका न्हाईत का ते? क्यामेरा त्यांच्याच हातात हाय की." मी पण हसले. "ठावं हाय गं, गंमत केली तुजी," म्हटलं.

आता रोज एक लग्न लावते. अंतरपाटापर्यंत पुढे ढकलते आणि तेवढंच ऐकते. प्रत्येक लग्नात तुम्ही तसेच मागे पडता. एका लग्नात तर खोकलाही आलाय. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू आवाज लगेच ओळखलास?" मी म्हटलं, "ओळखणार नाही का?"

हे पत्र डब्याखाली घडी करून ठेवणार आहे, तिच्याही हाती द्यायचं नाही. ती डिस्क मी टाकलेली नाही, पुन्हा पातळात गुंडाळून ठेवली आहे. आणि त्या दिवशी मी गंमत केली नव्हती. मला तुमचा आवाज ओळखू आला नव्हता.