अर्ध्या मात्रेची भानगड

१० जाने.
सातपूरला तालीम. ढोलकीवाल्या नसीरच्या मामांचं वर्कशॉप, शनिवारची सुट्टी, लेथवर ताडपत्री. बँडचं नाव 'चौथी शिफ्ट'. तिघांत मी सर्वांत नवी आणि वयाने सर्वांत थोर. माझं 'भोंगा' हे गाणं घेतलं. मध्येच ढोलकी बंद. नसीर म्हणतो, "मॅडम, तिसऱ्या ओळीला मात्रा खाताय तुम्ही."
मी! चौदा वर्षं एकटी गिटार घेऊन स्वतःची गाणी गातेय. गंगापूर रोडचे कॅफे, कळवणचं कॉलेज, कुठे कुठे. कोणी चकार शब्द काढला नाही. तसं म्हटलं, तर, "एकटं गाताना कोन सांगनार? पब्लिक टाळ्या वाजवते मॅडम, ढोलकी नाय."
उर्मट. खरं असेल तर जास्तच उर्मट.

११ जाने.
जुनी रेकॉर्डिंगं काढली, पायाने ठेका धरून ऐकली. 'डबा राहिला ओट्यावरी' ही ओळ पुरती संपायच्या आत पुढची सुरू. अर्धी मात्रा गायब. सहा रेकॉर्डिंगं, सहाही वेळा तिथेच.
कॉन्व्हेंटमध्ये पियानोच्या तासाला सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. गिटार मी आपली आपण शिकले. पट्टीशिवाय.

१३ जाने.
ऋतुजाचा फोन. बेस वाजवते, बँड तिनेच जमवलाय. २४ला स्टुडिओ घेतलाय. "मावशी, टेन्शन नका घेऊ. 'भोंगा' मी गाते. गीत-संगीत म्हणून तुमचं नाव देऊच ना."
देऊच ना! उपकार. आणि मावशी कोणाची? हिच्या आईला मी अजून पाहिलेलं नाही.
"मी बँडमध्ये गायला आलेय. चोवीसपर्यंत मात्रा जागेवर येईल," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला. रागाने. (नुसत्या रागाने नाही. असो.)

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन आलेल्या तिघींशी गोड बोलले. वर्षभराचा कोटा संपला. त्या गेल्यावर मोबाइलवर ठेक्याची टकटक लावून तीच ओळ. चाळीस वेळा. शेजारच्या कुलकर्णी विचारून गेल्या, नळ गळतोय का.

१६ जाने.
येते आहे. विसातून पंधरा वेळा बरोबर.
ओळ अशी का झाली तेही आठवलं. सातपूरच्या कंपनीत स्टेनो होते तेव्हाची. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर दोन मिनिटंसुद्धा थांबायची नाही. डबा घरी विसरून धावतानाच ही ओळ सुचली, बसमध्ये शॉर्टहँडमध्ये उतरवली. धावणारी बाई अर्धी मात्रा कुठे थांबणार? पण हे तालमीत सांगायचं नाही. सबब वाटेल.

१७ जाने.
तालीम. ओळ ठेक्यात, चोख, तिन्ही वेळा. ऋ.ने टाळ्या वाजवल्या. नसीरने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.
"काय झालं आता?"
"बरोबर आलं मॅडम. पन मजा गेली. आता वाटतं, डबा राहिला तर राहिला, बाई निवांत चाललीय बाजारात."
"आधी चूक काढायची आणि सुधारली की रडायचं?"
ऋ. म्हणाली, "नसीर, गप. क्लिकवर बसतंय ना? बास." क्लिक म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी कानात वाजणारी तीच टकटक.
गिटार भरून निघाले. रिक्षात लक्षात आलं, पोरगा खरं बोलला. दोन्ही वेळा.

१९ जाने.
नसीर फर्स्ट शिफ्ट करून थेट घरी, पाठीला ढोलकी. चहा दिला. बसची गोष्ट सांगितली, शेवटी. तो हसायलाच लागला. "मग आधी नाय सांगायचं? आमीपन रोज पळतोच की!" म्हणाला, "तुमी खाता तिथं मीपन खातो. एकट्यानं खाल्ली तर चूक, दोघांनी खाल्ली तर बंदिश."
दोन तास बसलो. शेवटी शेवटी ती उडी दोघांची एकदम पडायला लागली. कुलकर्णी आल्या नाहीत.

२१ जाने.
आमची उडी ऐकून ऋ. भडकली. "सगळं क्लिकवर मोजून लावलंय मी. लाइव्हला चालेल हे, रेकॉर्डिंगला नाही. बँड म्हणजे तडजोड असते, मावशी."
"तडजोड सगळ्यांनी करायची असते. नव्या माणसाने एकट्याने नाही. आणि मावशी नको, बाई म्हण."
पण तिचंही अगदीच चूक नाही. चौदा वर्षं मी फक्त स्वतःचं ऐकलं.
ठरलं ते असं: एक टेक क्लिकशिवाय, तिघं एकाच खोलीत. फसला तर गाणं क्लिकवर आणि गाणार ऋतुजा. मी कबूल केलंय. उद्या शब्द फिरवायला नको म्हणून इथे लिहून ठेवते.

२४ जाने.
स्टुडिओच्या पॅसेजमध्ये बसून लिहितेय. टेक झाला. नसीर आणि मी बरोबर उडी मारली. ऋ.चा बेस मागे राहिला, पुढची सगळी ओळ लंगडत आली. काचेपलीकडून साउंडवाला म्हणाला, "फसलं. क्लिक देऊ?"
ठरलं होतं तसं मी गिटार खाली ठेवायला घेतली. वाकले तर पाठीत कळ.
ऋ. म्हणाली, "थांबा. मागे मी राहिले, बाई नाही. अजून एक असाच." साउंडवाल्याने घड्याळ दाखवलं. एकच, त्याच्यावर नाही.
मग मला म्हणाली, "तिसऱ्या ओळीला माझ्याकडे बघा. तुम्ही बघितलंत की मी सुटते."
चौदा वर्षं ती ओळ मी डोळे मिटून गातेय.
पाणी प्यायले. नसीर ढोलकीची शाई अंगठ्याने चाचपतोय, दारातून दिसतोय. बोलावतायत.